स्टो पेटला, रकाना भरला

साहेब, तुम्ही खोटं छापलंत. तेही मराठीत, म्हणजे आम्हाला नीट कळावं म्हणून मुद्दाम. तुमच्या खोक्यावर लिहिलं होतं, 'अगदी निर्धोक. लहान मूलही पेटवील.' मुलाची गरजच पडली नाही. तुमचा स्टो आपल्या आपण भडकला, त्यानं माझी पडवी पेटवली, माझ्या धोतराचा सोगा पेटवला, आणि सरकारी कागदावर आग लावणारी म्हणून नाव चढलं माझ्या बायकोचं.

हे पत्र छापून यावं म्हणून लिहितो आहे, पण तुमचं नाव मी यात घालत नाही. भितो म्हणून नव्हे. नाव घातलं की तुम्ही नावाची फिर्याद घेऊन बसाल आणि आगीचं राहून जाईल. तुमचं तुम्हाला कळतं आहे, तेवढं पुरे.

मी कुशाबा, राहणार कासार आंबोली, पेटा मुळशी. शाळेत गेलो नाही. वाण्याकडून गूळ ज्या कागदात बांधून येई, ते कागद वाचत वाचत शिकलो. त्यामुळं माझ्या विद्येला मधेमधे तेलाचे डाग आहेत, आणि कागद जिथं फाटला तिथं ती तुटते. युरोपातली लढाई सुरू कशी झाली हे मला तोंडपाठ आहे. कोण जिंकलं ते पुढच्या गुळात यायचं होतं, पण तेवढ्यात वाण्यानं पळसाची पानं वापरायला सुरुवात केली. असो. सांगायचं हे, की मराठीत छापलेलं जे असेल ते खरं असतं अशी माझी लहानपणापासून समजूत होती. ती तुम्ही मोडलीत. पडवी पुन्हा शाकारता येईल.

स्टो आणला तो चंद्राबाईच्या डोळ्यांसाठी. आमच्याकडं पावसाळाभर सरपण ओलं असतं आणि चुलीतून जाळापेक्षा धूरच जास्त निघतो. चार महिने ती सारखी डोळे पुसत असायची आणि शेजारचा गेणबा येताजाता मला विचारायचा, "कुशाबा, आज काय बोललास तिला?" गावात माझी अब्रू त्या धुरानं घालवली होती. म्हणून नवरात्रात तांदूळ घेऊन पुण्याला गेलो, तेव्हा बुधवारातल्या तुमच्या एजंटाच्या दुकानात शिरलो. पितळी, गोल पोटाचा, तीन पायांचा स्टो. खोक्यावर एका मडमेचं चित्र. ती स्टोशेजारी उभी राहून हसत होती आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले होते. शहाण्या माणसाच्या तेव्हाच लक्षात आलं असतं.

बैलगाडीतून स्टो गावात आला तो खंडेनवमीच्या दिवशी. त्या दिवशी आम्ही हत्यारं पुजतो. नांगर, विळे, कुऱ्हाड, पहार, सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं होतं. चंद्राबाईनं स्टो हातात घेतला, सगळीकडून बघितला आणि सरळ नेऊन कुऱ्हाडीशेजारी ठेवला.

"अगं, हे हत्यार नाही," मी म्हणालो.

"इस्तू हाय न्हवं यात? मग कुऱ्हाडीपरीस कमी हाय व्हय?"

तिनं त्याच्या पोटाला हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. साहेब, ही पाच बोटं नीट लक्षात ठेवा. पुढं तुम्ही त्यांच्यावरच सगळी इमारत उभी केलीत.

दसऱ्याला स्टो पेटवायचा ठरला तेव्हा अंगणात निम्मं गाव जमलं. मी पाठीला कणा असलेला माणूस म्हणून ताठ उभा राहून तुमचा सूचनांचा कागद मोठ्यानं वाचला. 'पंप मारावा, परंतु फाजील मारू नये.' फाजील म्हणजे किती, यावर अर्धा तास गेला. गेणबाचं म्हणणं, सात. कारण फेरे सात असतात. पोलीस पाटील हैबतराव म्हणाले, सरकारी काम तीनदा सांगितल्याशिवाय होत नाही, तेव्हा तीन. आमच्या माळावर मेंढरं बसवायला आलेली धनगरीण बयाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "कुशादा, जरा लांबनंच मारा. पितळ लई फुगीर दिसतंय." तिच्या बोलण्यावर आम्ही सगळे हसलो. हे मी कबूल करतो, कारण ही गोष्ट मी खरी सांगतो आहे.

तीन पंप मारले. निळा जाळ फुलासारखा उमलला. चहा झाला, निम्म्या गावाला घोटघोट मिळाला, आणि दोन दिवस मी गावात असा हिंडलो, की जणू विस्तव मीच शोधून काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई पडवीत चहा ठेवून बसली होती. पंप तीनच. हवा सोडायचा स्क्रू घट्ट बंद. सगळं तुमच्या कागदाप्रमाणं. एकाएकी स्टोच्या बुडातून फस्सकन तेलाची पिचकारी उडाली, तिनं जाळ धरला आणि जाळानं पडवीचं गवत धरलं. चंद्राबाई ओरडली ती हात भाजला म्हणून नव्हे, मी मधे होतो म्हणून. तिनं मला ढकललं. मी पडता पडता हाताला लागलं ते वाचवलं, आणि हाताला लागली ती चहाची किटली. ती उराशी धरून मी अंगणात पळालो. गेणबा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "घर पेटलं तवा कुशाबानं पयला चा बाहीर काढला."

बयाबाई कुंपण ओलांडून आली. तिनं खांद्यावरची घोंगडी मेंढरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत बुचकळली आणि सगळीच्या सगळी स्टोवर टाकली. मग दुसरी पिराजीची, तिच्या नवऱ्याची, ती छपरावर. लोकरीला आग धरत नाही, हे धनगरांना उपजत ठाऊक असतं. आम्ही कळशा शोधत होतो तोवर तिनं आग मारली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "कुशादा, डोणीत बसा."

"कशाला?"

"तुमचं धोतार पेटलंय मागनं."

मी मेंढरांच्या डोणीत बसलो. पोलीस पाटील पंचनाम्याला आले तेव्हा मी तिथंच होतो. सरकारशी माझं पहिलं बोलणं डोणीत बसून झालं, आणि तिथूनच सगळं बिघडलं असं मला वाटतं. माणूस डोणीत बसलेला असला की त्याचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही.

हैबतरावांनी छापील फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, 'आगीचे कारण.' खाली तीनच शब्द छापलेले होते: वीज, वैर, हयगय. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे खोडायचे.

"वीज पडली न्हाई," हैबतराव म्हणाले. "वैर हाय का कुनाशी?"

"स्टोच्या कंपनीशी," मी डोणीतून म्हणालो.

"ती गावात राहती का? न्हाई? मग वैर न्हाई. ऱ्हायली हयगय." त्यांनी वरचे दोन शब्द खोडले. "कुनाची? स्टोपाशी कोन हुतं?"

"चंद्राबाई होती, पण पाटील, स्टो बुडातून फुटला. मी बघितलंय."

"फुटला, आसं लिवायला रकाना कुटं हाय?" असं म्हणून त्यांनी लिहिलं, 'घरातील बाई नामे चंद्राबाई हिची हयगय.' पंच म्हणून गेणबानं अंगठा उठवला. त्याला वाटलं, पडवी शाकारायला सरकार गवत देणार असेल.

त्या दिवशी ह्या ओळीचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते चार दिवसांनी. आमच्या गावात भैरोबाच्या देवळापुढं दीपमाळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला तिची पहिली वात लावायचा मान आमच्या घरच्या सुनेचा. चंद्राबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती लावते आहे, एकवीस वर्षं. तर चार दिवसांनी देवळाचे पंच आले, बाहेरच उभे राहिले आणि जोड्यांकडं बघत म्हणाले, की यंदा दुसऱ्या कुणाच्या हातानं वात लावावी असं चाललंय. सरकारी कागदावर जिचं नाव आगीपायी चढलं, तिच्या हाती देवाचा जाळ कसा द्यायचा?

चंद्राबाईच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडकं होतं. तिनं ते पदराखाली घेतलं. पंच गेल्यावर मला म्हणाली, "काय लिवलंय त्या कागदावर? वाचून दावा."

माझ्याकडं पंचनाम्याची नक्कल होती. मी वाचलं. तेवढी ओळ गाळून वाचलं.

"मधलं ऱ्हायलं," ती म्हणाली. तिला अक्षर येत नाही, पण माझा आवाज कुठं बुडी मारतो ते तिला बरोबर कळतं. मग वाचलं.

तिनं फडक्याची सुटलेली गाठ दातांनी आवळली. मग म्हणाली, "आवो, हयगय म्या केली आसती तर पदर पसरून कबूल झाले असते. केली न्हाई. माझं नाव काढा त्यावरनं. पुनवंच्या आत."

म्हणून साहेब, मी निघालो.

पौडला आमच्या पेट्याची कचेरी आहे, तिथं एक कारकून आहेत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. त्यांनी माझा अर्ज दोन बोटांनी उचलला. "सरकारी कागद चुकत नसतो. फार तर त्याची दुरुस्ती होते. दुरुस्तीला पुरावा लागतो. पुरावा कारखानदाराचा. आणा."

हे सांगताना ते चहा पीत होते. चहा दप्तराच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या पितळी स्टोवर झालेला होता. गोल पोट, तीन पाय. तुमचाच. मी तसं म्हणालो, तर भाऊसाहेब हसले. "आमचा काही भडकत नाही. आम्हाला वापरता येतो."

पुण्याला गेलो. एजंटानं मला ओळखलं नाही, स्टोला ओळखलं. उलटसुलट करून बघितला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "हे काय? हे तांबडं?"

"कुंकू."

"यंत्राला कुंकू? अहो, भोकं बुजली असणार! आमचा काही संबंध नाही."

मी तुम्हाला मुंबईला पत्र लिहिलं. दोन आठवड्यांनी तुमचं उत्तर आलं, इंग्रजीत. खोकं मराठीत आणि उत्तर इंग्रजीत. विकताना आमची भाषा येते, फुटल्यावर विसरते. पत्र पुन्हा पौडला नेऊन भाऊसाहेबांकडून वाचून घेतलं. त्यांनी ते चवीनं वाचलं. 'गिऱ्हाइकाने मालावर धार्मिक स्वरूपाचा परकी पदार्थ फासला असल्याने कंपनी जबाबदार नाही.' आमच्या गावात, आमच्या घरात, आमच्या खंडेनवमीला परकी कोण होतं, तर कुंकू!

"आता तर तुमच्या मंडळींची हयगय कागदोपत्री पक्की झाली," भाऊसाहेब म्हणाले.

आणि इथं मी एक वाईट गोष्ट केली. तुमचं पत्र टाईप केलेलं होतं, त्यावर शिक्का होता, आणि छापल्यासारखं दिसणारं खरं वाटायची माझी सवय अजून पुरती गेली नव्हती. घरी आलो. चंद्राबाई डाव्या हातानं तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "कुंकू किती लावलं होतंस गं?"

तिनं सुपातून मान वर केली. "देवाला लावते तेवडंच. देव कुटं फुटला?"

एवढं म्हणून तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. दोन दिवस ती सगळं म्हशीला सांगायची. "मालकास्नी म्हनावं, भाकरी झाली." "मालकास्नी म्हनावं, साहेबाचं पत्तर उशाला घेऊन निजा." म्हैस माझ्याकडं बघायची. साहेब, म्हशीनं कीव केलेली सोसणं अवघड असतं.

तिसऱ्या दिवशी गेणबा सल्ला द्यायला आला. त्याचे सल्ले मी एरवी ऐकत नाही, पण अंगठा उठवल्यापासून तो जरा मऊ झाला होता. "आरं, भांडं फुटलं तर भांडंवाल्याला दाखीव की. कारकुनाला काय दाखिवतोस?"

आमच्या गावात वाल्मीक कासार भांडी सांधतो. त्यानं स्टो मांडीवर घेतला, वास घेतला, बोटांनी चाचपला. "कुंकू कुटं हाय?"

"पोटाला."

"आन फुटलाय कुटं?"

मी स्टो उलटा केला. बुडाला.

"मग पोटावरचं कुंकू बुडाला कसं जाईल? पाय फुटलेत व्हय त्याला?" त्यानं स्टोत पाणी भरलं, तोंड बंद केलं आणि पंप मारला. बुडाच्या सांध्याला गोल कडं करून पाण्याचे थेंब उभे राहिले, दरदरून घाम फुटावा तसे. "ही झाळ बघा. सांधा जोडताना वितळवून घालत्यात ती. निम्म्या सांध्याला लागलीच न्हाई. वरनं चकाकी दिली आन धाडला बाजारात. कुशाबा, म्या आसला तांब्या इकला आसता तर गावानं मला त्याच्यातच बुडीवला आसता." मग त्यानं स्वतःचा एक तांब्या उलटा करून दाखवला. बुडावर त्याची खूण ठोकलेली होती, एक मासोळी. "गळला की लोक खूण बघून माज्या दारात येत्यात. या स्टोवर खूण न्हाई का?"

खूण होती. तुमची सुरेख, नक्षीदार खूण आहे साहेब. पण तिला दार नाही.

चंद्राबाई उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हशीला न सांगता थेट मला म्हणाली, "जावा आता पौडाला. वाल्मीकभावजींनाबी न्या. आन बयाबाईला. इझिवली तिनं, तर साक्षबी तिचीच."

असे आम्ही तिघं कचेरीत पोहोचलो. मी पुढं, वाल्मीक काखेत स्टो घेऊन, बयाबाई खांद्यावर घोंगडी टाकून. भाऊसाहेब पेट्याच्या अंमलदारांसाठी, म्हणजे महालकरी साहेबांसाठी, चहा ठेवत होते. मी अर्ज पुढं केला. वाल्मीकचं अर्जाकडं लक्ष नव्हतं. तो कपाटाकडं वाकला होता.

"साहेब, हवा सोडा यातली. बुडाला तेल आलंय."

"तू मला शिकवणार?" असं म्हणून भाऊसाहेबांनी, केवळ कासारासमोर कमीपणा नको म्हणून, आणखी एक पंप मारला.

फस्स!

भाऊसाहेब टेबलावर कधी चढले ते त्यांनाही सांगता येणार नाही. जाळ दप्तराच्या कपाटाकडं झुकला, त्यात साऱ्या पेट्याचे सात-बारा. बयाबाईनं कोपऱ्यातला रांजण गाठला, घोंगडी बुडवली आणि फेकली. स्टो विझला, चहा सांडला, माझा अर्ज भिजला. धूर निवळला तेव्हा महालकरी साहेब दारात उभे होते. वर टेबलावर भाऊसाहेब, खाली घोंगडी.

"काय चाललंय?"

माझं धोतर या वेळी कोरडं होतं. मी ताठ उभा राहून म्हणालो, "रावसाहेब, आग लागली. पंचनामा व्हायला पाहिजे."

साहेबांनी मान डोलावली. भाऊसाहेब खाली उतरले, फॉर्म काढला. वीज नाही. वैर नाही. तिसऱ्या शब्दापाशी टाक थांबला.

"लिहा की," मी म्हणालो. "कुठल्या बाईची?"

कचेरीत बाई एकच होती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघताय?" बयाबाई घोंगडी पिळत म्हणाली. "मी इझिवनारी. चा त्या दादानं ठिवला हुता."

महालकरी साहेबांनी दोन्ही स्टो उलटे करून शेजारी शेजारी ठेवले. एकाला कुंकू होतं, एकाला नव्हतं. दोन्ही एकाच जागी उकललेले. ते म्हणाले, "लिहा, वस्तूतच दोष."

"रावसाहेब, तसा रकाना नाही."

"समासात लिहा."

भाऊसाहेबांनी समासात लिहिलं, साहेबांनी सही केली. मी म्हणालो, "माझ्याही कागदाला समास आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नाही. "तुमचा कागद पुण्याला वरच्या कचेरीत गेला. तो परत मागवायचा, तर कारखानदारानं दोष कबूल केल्याचं पत्र जोडावं लागेल. नियम आहे." म्हणजे कचेरीची हयगय एका चहात मिटली. माझ्या बायकोची मिटवायला तुमचं पत्र लागतं.

ही हकीकत आमच्याआधी गावात पोहोचली होती. संध्याकाळी देवळाचे पंच पुन्हा आले, या खेपेला घरात येऊन बसले. त्यांच्या वतीनं गेणबाच बोलला. "वयनी, झालं गेलं इसरा. वात तुमीच लावायची. समदं गाव म्हनतंय."

मला वाटलं, सुटलो. चंद्राबाईनं सगळ्यांना पाणी दिलं, डाव्या हातानं. मग म्हणाली, "गावाचं ऐकलं. पर सरकारच्या कागदावर म्या अजून आग लावनारीच हाय. ते हाय तवर मी देवाम्होरं जाळ न्हाई धरायची. दुसरी कुनी लावत आसंल तर लावू द्या."

गेणबा म्हणाला, दुसरी कुणी लावणार नाही. त्याच्या सुनेनं तर आधीच सांगून टाकलंय.

साहेब, पौर्णिमेला आठ दिवस आहेत. आमची दीपमाळ तुमच्या टपालासाठी थांबली आहे. मी तुमच्याकडं पडवी मागत नाही, धोतर मागत नाही. वाल्मीक म्हणतो ती झाळ तुमच्या कारखान्यात कुणी एकदा तरी पाणी भरून तपासली होती का, एवढं सांगा. हो किंवा नाही. मराठीत सांगा, तुम्हाला येते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी चंद्राबाईला वाचून दाखवलं, या वेळी एकही ओळ न गाळता. तुझं नाव काढा, असं शेवटी ठासून लिहू का, म्हणून विचारलं. तिनं भाजलेला हात मांडीवर घेऊन विचार केला.

"माझं म्हागनं लिवा," ती म्हणाली. "आदी त्यास्नी इचारा, आसले स्टो किती इकले, आन किती बायांची नावं लिवली?"

किती, साहेब?